माय वी?

रोमानियन भाषेतलं मी शिकलेलं पहिलं वाक्य म्हणजे 'माय वी?'. परत येशील का, एवढाच त्याचा अर्थ. 'माय' म्हणजे पुन्हा, 'वी' म्हणजे येशील. पण मराठी कानाला हे असं सुटं करून ऐकता येत नाही. २०१४ च्या जुलैत, याश शहरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात, आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून विचारत होता, "तांती, माय वी?" तांती म्हणजे काकू, मावशी, कुणीही मोठी बाई. मला त्या प्रश्नातलं फक्त 'माय' ऐकू आलं. घसा दाटून आला आणि मी म्हणून गेले, "दा. दे क्रचून." हो. नाताळात.

नाताळात मी गेले नाही.

जायचं मनात नव्हतं असं नाही. विमानाची तिकिटं पाहून ठेवली होती. मग रजेचं जमेना, घरात आजारपण आलं, आणि बघता बघता जानेवारी उजाडला. दिलेला शब्द मी विसरले नव्हते. तो त्या घरात केवढा झाला असेल, याची मात्र मला कल्पना नव्हती.

आयर्लंडमध्ये येऊन मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. गावातल्या युवक मंडळात शुक्रवारी संध्याकाळी मी मदतीला जायचे. तिथली सतरा ते एकोणीस वर्षांची दहा-बारा पोरं दर उन्हाळ्यात दोन आठवडे रोमानियाला जाणार, तिथल्या मुलांच्या एका घरात काम करणार, असं ठरलं आणि बरोबर जायला दोन मोठी माणसं हवी होती. त्यातली एक मी झाले. पोरांनी वर्षभर शनिवारी सुपरमार्केटात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देऊन पैसे जमवले. सगळ्यांचं गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांकडची पडताळणी झाली. बुखारेस्टच्या गारा दे नोर्द स्टेशनवरून उत्तरेकडची गाडी पकडली, सूर्यफुलांची शेतं संपता संपेनात, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी दिसायला लागली आणि पोरांच्या गप्पा हळूहळू बंद झाल्या.

ज्या घरी पोचलो ते दुमजली, साधं. अंगणात अक्रोडाचं मोठं झाड. बारा मुलं, चार ते पंधरा वयाची. त्यांना सांभाळायला शिफ्टमध्ये येणाऱ्या तांत्या, एका वेळी दोघी. फाटकातून आत पाऊल टाकतोय तोच चार वर्षांची एक मुलगी धावत आली आणि आमच्यातल्या एका पोरीच्या कमरेला तिने मिठी मारली. तिला नाव विचारलं नाही, तोंड नीट पाहिलं नाही, सरळ मिठी. मग दुसरीला. मग मला. आमच्या पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती प्रेमळ आहेत ही मुलं," एक जण म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली थोरली तांती मात्र हसली नाही. ती हात पुसत आमच्याकडे बघत राहिली आणि मग आत निघून गेली.

तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. घरी येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हा सगळ्यांना अक्रोडाखाली बसवलं आणि विचारलं, "तुमच्या घरी दारात अनोळखी बाई आली तर तुमची चार वर्षांची बहीण काय करते?" पोरांनी उत्तरं दिली. आईच्या मागे लपते. खोलीत पळते. आधी आईकडे बघते. "बरोबर," त्या म्हणाल्या. "आधी आईकडे बघते. या पोरीने कुणाकडे बघितलं?"

मग त्यांनी सांगितलं ते मी नंतर पुष्कळ वाचलं. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. देशाला माणसं हवी होती. पुढच्याच वर्षी जन्माला आलेल्या मुलांची संख्या जवळपास दुप्पट झाली. जी पोसवली नाहीत ती सरकारने सांभाळावी, सरकार आईबापांपेक्षा बरं सांभाळतं, असं लोकांच्या मनात भरवलं गेलं. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये होती. १९९० मध्ये लोखंडी पाळण्यांत बसून मागेपुढे झुलणाऱ्या मुलांची चित्रं जगभरच्या टीव्हीवर दिसली आणि युरोपभरातून, आयर्लंडमधूनही, माणसं ट्रक भरभरून कपडे आणि औषधं घेऊन निघाली.

नेल्सन, फॉक्स आणि झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी पुढे बुखारेस्टमध्ये १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्यांसाठी प्रतिपालक कुटुंबं उभी केली, कारण तोवर त्या देशात तशी कुटुंबं जवळपास नव्हतीच. वयाची दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जी मुलं घरात गेली, त्यांना माणसाचा लळा लावून घेणं बाकीच्यांपेक्षा पुष्कळ चांगलं जमलं. त्याच अभ्यासात पुढे एक साधी चाचणी होती. दारावर अनोळखी माणूस येतो आणि मुलाला 'चल' म्हणतो. आईबापांजवळ वाढलेली मुलं बहुतेक जागची हलत नाहीत. संस्थेत दिवस काढलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याच्याबरोबर चालू लागतात.

तर ती मिठी अशी होती. पोरीच्या अंगात प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण ज्याच्याकडे आधी बघायचं ते माणूस तिला पहिल्या दोन वर्षांत मिळालंच नव्हतं. आम्ही मात्र ती मिठी आमच्या चांगुलपणाची पावती म्हणून घेत होतो. त्या रात्री आमच्यातल्या पोरी बराच वेळ जाग्या होत्या. एक म्हणाली, "मग तिने मिठी मारली तर मी काय करू? ढकलू?" मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचंही उत्तर दिलं होतं. ढकलायचं नाही. हात धरायचा, तांतीकडे न्यायचं आणि तांतीला विचारायचं, 'आम्ही बाहेर खेळायला जाऊ का?' मुलीच्या देखत, दर वेळी. कंटाळवाणं काम आहे हे. आमच्या पोरांनी चौदा दिवस केलं.

पण निघायच्या आदल्या संध्याकाळी, हे सगळं ऐकून-समजून झाल्यावर, पंचेचाळीस वर्षांच्या मी 'नाताळात येईन' म्हणून सांगितलं.

दुसऱ्या वर्षी, २०१५ च्या जुलैत, गाडी फाटकाशी थांबली तेव्हा तो मुलगा बाहेर आला नाही. मला वाटलं मोठा झालाय, लाजत असेल. जेवायच्या वेळीही तो माझ्याकडे पाठ करून बसला. रात्री भांडी विसळताना थोरल्या तांतीने मला सांगितलं. आमच्यात दुभाषी म्हणून याशच्या विद्यापीठातली एक विद्यार्थिनी असायची. ती सांगताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे असंच्या असं सांगू का?" मी म्हटलं, सांग.

त्याने घरातल्या सगळ्या मुलांना सांगितलं होतं की तांती नाताळात येणार आहे. शाळेतही सांगितलं होतं. मोठ्या मुलांनी विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्याने भांडण केलं. नाताळ झाला, नवं वर्ष झालं. तेव्हापासून घरातली मुलं त्याला 'मिंचिनोस' म्हणायला लागली. खोटारडा. पुढे काहीही हरवलं, काहीही बिनसलं, की विचारायचे, काय रे, तुझी तांती आली का?

खोटं मी बोलले होते. खोटारडा तो ठरला होता.

मी दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर, न्याहारीच्या टेबलाशी उभी राहिले आणि दुभाषीला म्हटलं, माझं वाक्य जसंच्या तसं सांग. "याने खरं सांगितलं होतं. मी येते म्हणाले होते आणि मी आले नाही. चूक माझी." मुलं चमचे हातात धरून बघत राहिली. त्याने मान वर केली नाही. पण दुपारी अक्रोडाखाली मी एकटी बसले होते तेव्हा तो आला आणि दोन हातांच्या अंतरावर बसला, हिरवे अक्रोड दगडाने ठेचत. मीही एक दगड घेतला. हिरव्या अक्रोडाच्या सालीचा रस हाताला लागला की आधी पिवळा आणि मग काळपट तपकिरी डाग पडतो, साबणाने जात नाही, आठवडाभर राहतो. हे मला माहीत नव्हतं. माझे काळे झालेले हात बघून तो पहिल्यांदा हसला.

फोटोंची गोष्ट याच सुमाराची.

पहिल्या वर्षी आमच्या पोरांनी ढिगाने फोटो काढले होते. मुलांना कडेवर घेतलेले, मुलांच्या तोंडाला रंग लावलेले. घरी परतल्यावर त्यांतल्या एकीने आपल्या आजोबांना फोनवर एकेक करून सगळे दाखवले. आजोबांनी शांतपणे पाहिले आणि विचारलं, "त्यांच्याकडे आहेत का हे?"

"कुणाकडे?"

"मुलांकडे."

नव्हते. एकही नव्हता.

मग त्या आजोबांनी नातीला पहिल्यांदा सांगितलं की ते स्वतः एका इंडस्ट्रियल स्कूलमध्ये वाढले. आयर्लंडमधल्या या शाळा म्हणजे कोर्टाच्या हुकमाने मुलांना ठेवायच्या जागा, बहुतेक धर्मसंघांनी चालवलेल्या. पुष्कळ मुलं गरिबीपायी तिथे गेली आणि सोळा वर्षांची होईस्तोवर आत राहिली. १९९९ मध्ये पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने या मुलांची माफी मागितली. २००९ मध्ये चौकशी आयोगाचा पाच खंडांचा अहवाल आला आणि आत काय काय चालायचं ते देशाने वाचलं. त्या नातीच्या घरीही तो टीव्हीवर लागला होता; आजोबा उठून बागेत गेले होते, एवढंच तिला आठवत होतं. "माझा सोळा वर्षांच्या आधीचा एकही फोटो नाही," ते तिला म्हणाले. "मी कसा दिसायचो ते मला माहीत नाही. विचारायलाही कुणी नाही."

आमची ही पोरगी शुक्रवारी मंडळात आली ती हे सांगायलाच. तोवर आमच्या सगळ्यांच्या मनात कुठेतरी असं होतं की रोमानिया म्हणजे काहीतरी भयंकर घडलेला दूरचा देश आणि आपण तिथे मदतीला जाणारे. त्या शुक्रवारनंतर तसं कुणी बोललं नाही.

माणसाचं लहानपण कुणाच्या तरी तोंडून त्याच्यापर्यंत येत असतं, हे मी त्याआधी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. तू रांगायला उशीर केलास, तुला गोवर आला तेव्हा अशी रडायचीस, हा व्रण पायरीवरून पडलीस तेव्हाचा. ही सगळी माहिती आपल्याला फुकट मिळालेली असते. शिफ्टमध्ये वाढणाऱ्या मुलाचा पहिला दात एकीने पाहिलेला असतो, पहिलं पाऊल दुसरीने, आणि दोघी नोकरी सोडून गेलेल्या असतात. फाइलीत वजन असतं, लसी असतात, कोर्टाच्या तारखा असतात. व्रण कशाचा ते नसतं.

म्हणून २०१५ पासून आम्ही नियम केला. पोरांचे फोन सकाळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाणार, रात्रीच निघणार. कॅमेरा एकच, घराचा म्हणून ठेवलेला. बरोबर छोटा प्रिंटर. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयाची लेखी परवानगी घेतली. प्रत्येक मुलाला काळ्या जाड पानांचा एकेक अल्बम. काढलेला फोटो तिथेच छापायचा, मुलाने स्वतः चिकटवायचा, आणि शेवटच्या दिवशी कॅमेऱ्यातलं कार्ड थोरल्या तांतीच्या कपाटात. एकही फोटो आमच्याबरोबर परत येणार नाही. फोटोचे चार कोपरे बसवायला लागतात ते कागदी त्रिकोण त्या आजोबांनी दिले. पुढे दर वर्षी जूनमध्ये ते एका लिफाफ्यात पाकिटं घालून पाठवायचे, वर कुणाचं नाव नाही, काही नाही.

यावरून वाद झाला नाही असं नाही. अठरा वर्षांचा एक मुलगा तावातावाने म्हणाला, लोकांनी पैसे दिलेत, त्यांना मुलांचे फोटो नकोत दाखवायला? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पैसे देणाऱ्याला चेहरा हवा असतो. आम्ही त्या वर्षी देणगीदारांना रंगवलेल्या कुंपणाचे, दुरुस्त केलेल्या टेबलाचे आणि कापलेल्या कलिंगडाचे फोटो पाठवले. (रोमानियाच्या या भागात कलिंगडाला 'हर्बूझ' म्हणतात. आमच्या खरबुजाचं हे नातलग इतक्या लांब कसं जाऊन बसलं याचं मला अजून कौतुक आहे.) देणग्या थोड्या घटल्या. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुकानाच्या दारात उभं राहून लोकांना समजावत होता की फोटो का नाहीत.

कोपरे चिकटवायचं काम दिसतं सोपं, असतं नाजूक. त्रिकोणाला जीभ लावायची, फोटोच्या टोकात घालायचा, सरळ धरून पानावर दाबायचा. ती मिठी मारणारी पोरगी एकेका फोटोला दहा मिनिटं घ्यायची. थोरली तांती शेजारी बसून प्रत्येक फोटोच्या मागे तारीख लिहायची, बरोबर कोण आहे ते लिहायची आणि मुलाची उंची लिहायची. उंची का, मी विचारलं. ती म्हणाली, घरात मुलांची उंची दाराच्या चौकटीवर कोरून ठेवतात. इथली मुलं आज ना उद्या हे दार सोडून जाणार. अल्बम बरोबर नेता येईल.

२०१६ मध्ये त्या मुलाने आपल्या अल्बमची दोन पानं शेजारी शेजारी धरली आणि किंचाळला. मागच्या वर्षीच्या फोटोत त्याला समोरचे दोन दात नव्हते, या वर्षीच्यात होते. तो ते घेऊन घरभर फिरला. स्वयंपाकघरात, अंगणात, शेजारच्या कोंबड्यांवाल्या आजींकडे. "हा मी. आणि हा पण मी."

एक प्रश्न मला तेव्हाही छळायचा, अजूनही छळतो. आमच्या बारा जणांच्या विमानाच्या तिकिटांत तिथल्या एका तांतीचा कितीतरी महिन्यांचा पगार निघाला असता. तो थेट पाठवला असता तर? मी हे थोरल्या तांतीला एकदा सरळ विचारलं. तिने तितकंच सरळ उत्तर दिलं. पैसे पाठवा, ते लागतातच. पण या दोन आठवड्यांत जे होतं ते पैशाने होत नाही.

काय व्हायचं ते सांगते. बारा मुलं आणि दोन तांत्या असल्या की तांती कधीच एकट्या मुलाच्या वाट्याला येत नाही. एकाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं तर दुसरी अकरा जणांत अडकते. आम्ही आलो की सकाळी दोन तास अंगणात बाकीच्यांना खेळवायचो, घरात एक तांती असायचीच, आणि दुसरी एका मुलाला घेऊन बाहेर पडायची. फक्त एकाला. बसने शहरात, बूट घ्यायला, लिंडनच्या झाडांखाली आइस्क्रीम खायला. परत आलेल्या मुलाकडे बघितलं की कळायचं. ते बोलत नसायचं, पण तांतीच्या मागे मागे असायचं. आपली आहे ही, असं. चौदा दिवसांत बाराच्या बारा मुलांना एकेक तांती एकेक सकाळ मिळायची. एवढं मोलाचं काम आम्ही दुसरं केलं नाही, आणि ते करताना आम्ही त्या मुलाजवळ नसायचो.

हे समजायला आमच्या पोरांना जड गेलं. घर सोडून हजारो किलोमीटर यायचं आणि मुलाचा सगळ्यांत चांगला दिवस आपण नसताना जातो हे पाहायचं. पण एकदा समजल्यावर त्यांनी त्यातच मन घातलं. आज कोणाची पाळी आहे, तांतीबरोबर कोण जाणार, याची चर्चा रात्री त्यांच्यातच रंगायची.

अशाच एका सकाळी, २०१६ मध्ये, त्या मुलाला त्याच्या मावशीकडे नेलं. आईची धाकटी बहीण इटलीत बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांची सेवा करत होती, ती नुकतीच गावी परतली होती. देशाच्या या कोपऱ्यात अशी कितीतरी घरं आहेत, आईबाप इटलीत, स्पेनमध्ये, आणि मुलं आजीआजोबांकडे. आजीआजोबा गेले की मुलं अशा घरांत येतात. अनाथ म्हणून आपण ज्यांना मोजतो त्यांतली बहुसंख्य मुलं अनाथ नसतातच. सेव्ह द चिल्ड्रेन या संस्थेने २००९ मध्ये म्हटलं होतं की जगभरात संस्थांमध्ये राहणाऱ्या पाचांतल्या निदान चार मुलांना आई किंवा बाप किंवा दोघेही आहेत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यांचं सार हेच की आधी कुटुंब सावरा. रोमानियाने स्वतः २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवणं, गंभीर अपंगत्व असेल तेवढं वगळून, बंद केलं, मोठाल्या इमारती हळूहळू मोकळ्या केल्या, आमच्यासारखी लहान घरं आणि 'आसिस्टेंत मातेर्नाल' म्हणजे पगारी प्रतिपालक आया उभ्या केल्या. आम्ही गेलो तेव्हा बरंचसं काम तिथल्या माणसांनी करून झालं होतं.

तरुण मुलामुलींचे अजूनही मला निरोप येतात. कॉलेजला जायच्या आधी वर्षभर मोकळं आहे, कुठल्यातरी देशात अनाथाश्रमात काम करायचंय, कुठे जाऊ? मी त्यांना कंबोडियाबद्दल सांगते. तिथे पर्यटक वाढले तसे अनाथाश्रम वाढत गेले, खेड्यांतून मुलं आणून ते भरले गेले, आणि अखेर २०११ मध्ये 'मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नाहीत' अशा अर्थाची मोहीम चालवावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी त्या विषयात धरली. म्हणून मी म्हणते, जिथे पैसे भरून थेट मुलांच्या खोलीत शिरता येतं, कुणी कागद मागत नाही, तिथे जाऊ नका. जिथे आधी तुमची चौकशी होते, तांतीच्या हाताखाली काम करावं लागतं आणि पुढच्या वर्षीही येणार का असं विचारतात, तिथे जा. आणि खरंच पुढच्या वर्षी जा.

'माय वी?' या प्रश्नाला आम्ही पुढे एकच उत्तर ठरवलं होतं. भिंतीवर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर लावायचं, जुलैची दोन आठवड्यांची तारीख दाखवायची, आणि म्हणायचं, या दिवशी मंडळाची गाडी येईल. गाडीत मी असेन असं सांगता येत नाही. गाडी येईल. ती दर वर्षी आली.

२०१९ च्या जुलैत गाडी फाटकाशी थांबली तेव्हा तो मुलगा पुन्हा बाहेर आला नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. थोरली तांती आली, तिने माझे दोन्ही हात धरले आणि हसत म्हणाली, "गेला. मावशीकडे." वसंतात कागदपत्रं झाली होती. 'प्लासामेंत', म्हणजे मुलाला सांभाळायला सोपवणं, नातेवाइकांकडे, रीतसर. जाताना कपड्यांची एक पिशवी आणि अल्बम, एवढं नेलं. मावशीला बसमध्येच उघडून दाखवायला लागला म्हणे.

मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. तरी रात्री अक्रोडाखाली बसले आणि रडू आलं. निरोप घ्यायचा राहिला होता. वर्षभर मनात धरून आलेलं माणूस तिथे नसलं की कसं वाटतं, ते मला त्या रात्री कळलं.

निघायच्या दिवशी तांतीने कपाटातून एक लिफाफा काढला. "तुझ्यासाठी ठेवून गेलाय." आत एक फोटो होता. चारी टोकांना कागदी त्रिकोण अजून चिकटलेले, त्यांच्यामागे काळ्या पानाचे तुकडे. अल्बममधून उपटून काढलेला. २०१५ चा. दोन दगड, हिरवे अक्रोड आणि चार काळे हात. चेहरे नाहीतच, कुणीतरी फार जवळून काढला होता.

मी म्हटलं, "आपला नियम आहे. फोटो इथून न्यायचे नाहीत."

"मीही तेच म्हटलं त्याला," तांती म्हणाली. "तर म्हणाला, तिच्याकडे एकही नाही."

मी फोटो उलटा केला. मागे तांतीच्या अक्षरात तारीख, त्याचं नाव, माझं नाव, आणि उंची, १ मीटर १८ सेंटिमीटर. खाली पेन्सिलने, वेगळ्या अक्षरात, माझ्या नावापुढेही त्याने उंचीचा आकडा लिहिला होता. अंदाजाने. मी आहे त्यापेक्षा बरीच जास्त.